भुंगा गेला

२६ जून, रात्री

दुपारी डबा उघडला आणि आमच्या कृषी कॉलेजच्या हॉस्टेलवरनं फोन आला. सेकंड इयरची मुलगी, ओळख फक्त ग्रुपवरची. आवाज एवढा पडलेला की माझा घास हातातच राहिला.

"ताई, भुंगा गेला."

खरं तर भुंगा मेला तो माझी अ‍ॅडमिशन होण्याच्याही आधी. गेला म्हणजे पेटीतल्या डांबरगोळ्या संपल्या, कुणी बघितलं नाही, मुंग्या शिरल्या. शिंग आणि टाचणी तेवढी उरली. पोरगी रडायचीच बाकी होती. मी तिला काय बोलणार, सुतक मलाही लागलंच की.

लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. किडे गोळा करून पेटी लावणं हे आमच्या सबमिशनमधलं सगळ्यात किचकट काम. पकडा, मारा, पाय नीट पसरा, टाचा. फुलपाखराला टाचणी छातीच्या मधोमध, भुंग्याला उजव्या पंखाच्या कवचातून. खाली लेबल: कुठे, कधी, कुठल्या पिकावर, कुणी पकडला. पन्नासातले एकोणपन्नास मी स्वतः पकडले, शपथेवर सांगते. पन्नासावा वारशाने आला. नारळावरचा गेंड्या भुंगा, नर, शिंग चांगलं लांब. सीनियर ताईने तो गमबुटांबरोबर माझ्या हवाली केला आणि नियम सांगितला: जुनं लेबल काढायचं नाही, आपलं वर लावायचं. माझ्या वेळी टाचणीवर चार लेबलं झाली होती. सगळ्यात खालच्याची शाई उडालेली, त्यामुळे त्याला मुळात पकडला कुणी, हे गुलदस्त्यातच. कीटकशास्त्रात लेबलाशिवाय किड्याला किंमत नाही, आणि आम्ही तर त्याच्यावर खोट्याचे मजले चढवत होतो. लाज तेव्हा वाटली नाही. आता थोडी वाटते.

तोंडी परीक्षेत सरांनी पेटी भिंगाखाली धरली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याचा डावा मधला पाय कधी तुटला? मागच्या वर्षी होता."

मार्क दिले.

कॉलेज लहान, डोंगरावर. विद्यापीठ दापोलीचं, पण दापोली आमच्यापासून लांब. वर्गातले निम्मे घाटावरचे. मी सांगोल्याची, आमच्याकडे वर्षाला पडतो तेवढा पाऊस इथे जुलैच्या एका जोरदार आठवड्यात पडायचा. पहिल्या रात्री सीनियर मुलींनी ओळख करून घेतली. नाव, गाव आणि पिकाचं एक वाण, आईबापांसकट. "रत्ना, नीलम गुणिले हापूस, १९८१." "सिंधू, रत्ना गुणिले हापूस, १९९२." अडखळलं की पुन्हा. मग ज्याचं त्याचं बारसं. पहिला आठवडाभर आईच्या आठवणीने रडणारी झाली कर्जत-३, कारण ते भाताचं वाण हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं. रोज शेवटी उठणारी रत्नागिरी-३, भातच, पण गरवी, उशिरा तयार होणारी. मला सिंधू केलं. सिंधूची कोय अगदी पातळ, जवळजवळ नसल्यासारखी. मला वाटलं कौतुक आहे. महिन्याने कळलं, डोक्यात काही नाही म्हणून. आज माझ्या हाताखाली त्याच आंब्याची कलमं वाटली जातात आणि यादीत 'सिंधू' वाचलं की अजूनही हजेरी द्यावीशी वाटते.

गॅदरिंग, ट्रॅडिशनल डे, फेअरवेलचा केक हेही होतंच, पण ते सगळ्याच कॉलेजांत असतं. त्यावर शाई घालवत नाही.

भाताची लावणी मात्र आमची. चारसूत्री पद्धतीने लावायचं म्हणजे दोरी धरून, २५ आणि १५ सेंटिमीटरच्या अंतराने आळीपाळीने, आणि रोपांच्या चार चुडांच्या मधोमध हाताने ब्रिकेट, म्हणजे खताची गोळी, खोचायची. दोरीवरून जो घसरला त्याला सगळ्या वर्गाने चिखलात लोळवायचं, आणि दोरी धरणारा मुद्दाम झटका देणार हे ठरलेलंच. गमबूट सात नंबरचे, पाय कुठल्याही मापाचा असो, आत मोजे कोंबायचे. अंगठ्याशी कुणाचं तरी नाव मार्करने लिहिलेलं होतं, अर्धं पुसलेलं. शेवटच्या वर्षी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कृषिकन्या होऊन गावात राहायला गेलो, देवळापुढे रांगोळीने गावाचा नकाशा काढला, तेव्हाही तेच बूट. परत आल्यावर ज्युनियरला दिले. आतल्या मोज्यांसकट.

संध्याकाळी एका वाडीत गेले होते. नारळाच्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या, तिरक्या, त्रिकोणी. बघताक्षणी कळतं. पान सुईत, म्हणजे मिटलेलं, असतानाच भुंगा कोंब पोखरतो, पान उलगडलं की कात्रण दिसतं. काकांना म्हटलं, अंडी-अळ्या शेणखताच्या खड्ड्यात असणार, मेटारायझियम, म्हणजे किड्यांना मारणारी बुरशी, मिसळा. त्यांनी मान डोलावली आणि तारेचा आकडा घालून शेंड्यातून एक जिवंत बाहेर ओढला. चिरडायला पाय उचलला.

"काका, मारू नका!"

"मारू नको तर काय पूजा करू याची?"

"मला द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, भुंग्याकडे बघितलं. "मॅडम, पाळायचाय काय?"

नर आहे. सहाही पाय शाबूत, आकडा फक्त कडेला लागलाय. येताना कॉफीच्या बाटलीत खरवडत होता, बसमधली बाई उठून दुसरीकडे बसली. लेबल आत्ताच लिहिलं: वाडी, तालुका, २६ जून, नारळ, आणि माझं नाव. हे सगळ्यात खाली राहणार. पोरीला फोटो पाठवला, तिने नुसते हात जोडलेले पाठवले.

मारायचं औषध घरी कुठून असणार. बाटली फ्रीझरमध्ये ठेवलीय, बर्फाच्या ट्रेमागे. फ्रीज घरमालकीण काकूंचा आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.