दसऱ्यानंतरचं विरेचन, माझा अनुभव

पाऊस सरून ऊन तापायला लागलं की माझ्या अंगावर पित्त उठायचं, दरवर्षी, न चुकता. घटस्थापनेच्या आसपास सुरू व्हायचं ते पार दिवाळीपर्यंत. आधी तळहात खाजायचे, मग दंडावर, पोटावर, मांड्यांवर लाल गांध्या, आणि रात्री दोन वाजता उठून आमसुलाचं पाणी चोळत बसायचं. तेवढ्यापुरतं थंड वाटायचं, तासाभराने परत तेच. गोळी घेतली की गांध्या बसायच्या पण मला दिवसभर झोप यायची, आणि मी शाळेत शिकवते, ऑक्टोबरात सहामाहीचे पेपर समोर असतात, तिथे पेंगत बसून कसं चालेल. त्यात नवरात्राचे उपास, साबुदाणा, शेंगदाणे, म्हणजे छातीतली जळजळ वेगळीच.

यावर मी शेवटी विरेचन केलं, म्हणजे आयुर्वेदातल्या पंचकर्मातला, शरीरशुद्धीच्या पाच उपचारांतला, औषध देऊन जुलाब करवण्याचा उपचार. खरं तर पंचकर्म मी त्या विरेचनाच्या आधीच्या वर्षी एकदा "केलं" होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. मैत्रिणींबरोबर डोंगरातल्या एका रिसॉर्टवर तीन दिवसांचं पॅकेज घेतलं, सीझन बदलताना बॉडी डिटॉक्स वगैरे लिहिलेलं होतं. गेल्या गेल्या मसाज, लगेच स्टीम, दुसऱ्या दिवशी शिरोधारा, म्हणजे कपाळावर तेलाची धार, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे एक चूर्ण दिलं, म्हणाले पोट साफ होईल. तुम्हाला काय त्रास आहे, कुठली औषधं चालू आहेत, हे कुणी विचारलंच नाही. दुपारी चेकआऊट, वाटेत सगळ्यांनी मिसळ खाल्ली, मीही खाल्ली, आणि त्या रात्री इतकं पोट दुखलं आणि पुढचे आठ दिवस इतक्या गांध्या उठल्या की मी ठरवलं, हे आपल्यासाठी नाही. मसाज वाईट नव्हता हो, अंग मोकळं झालं होतं, पण ज्यासाठी गेले ते झालंच नाही आणि वर नुकसान झालं, ते मला अजूनही लागतं. नवखा माणूस विश्वासाने जातो, त्याला निदान दोन प्रश्न तरी विचारा.

पुढच्या वर्षी भाद्रपदात शाळेतल्या एका बाईंनी मला त्यांच्या वैद्यबाईंकडे नेलं. पहिल्या भेटीत पाऊण तास नुसते प्रश्न. भूक कधी लागते, सकाळी पोट कसं साफ होतं, झोप कशी, पाळी कशी, गांध्या उन्हात वाढतात की गार वाऱ्यात, दही किती खाता, चहा किती वेळा. मग त्यांनी वहीत चार रेघा मारून दाखवलं की पित्त साठतं पावसाळ्यात आणि उठतं शरदात, कारण पावसाळ्यात भूक मंद असते, खाल्लेलं आंबट होतं, आणि मग एकदम ऑक्टोबरचं ऊन लागतं. तसाच कफ साठतो थंडीत आणि वितळतो वसंतात, वात साठतो उन्हाळ्यात आणि बिघडतो पावसात. म्हणून वसंतात वमन, म्हणजे औषधाने उलटी करवणं, पावसाळ्यात बस्ती, म्हणजे गुदद्वारातून तेल किंवा काढा देणं, आणि शरदात विरेचन. म्हणाल्या, "ताई, शरदाला आजारांची आई म्हणतात, तुमचा त्रास चुकीच्या वेळी येत नाहीये, बरोबर वेळेवर येतोय, आपण त्याच वेळेला त्याला बाहेरची वाट दाखवायची." हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

पण त्यांनी लगेच तारीख दिली नाही. आधी रक्त तपासायला सांगितलं, हिमोग्लोबिन, शुगर, क्रिएटिनिन, वर एक ईसीजी, आणि माझ्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून यायला सांगितलं. गरोदर बाई, हृदयाचा त्रास असलेलं माणूस, फार अशक्त माणूस, यांना त्या विरेचन देतच नाहीत. मग कॅलेंडर काढलं. पाच दिवस तूप, तीन दिवस अभ्यंग आणि स्वेदन, म्हणजे अंगाला तेल जिरवणं आणि वाफ देणं, एक दिवस विरेचन, पाच दिवस पथ्य, म्हणजे चौदा दिवस. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू केलं तर वसुबारसेच्या आत सगळं संपतं आणि दिवाळीला माणूस जेवणावर येतो. त्याआधी नवरात्रात भूक नीट लागावी म्हणून पाचक औषध, आणि उपास अजिबात नाही. मला वाटलं सासूबाईंना हे पटायचं नाही, पण त्या म्हणाल्या, "देवी काही रागवत नाही गं, अंग धड असलं की पुढच्या वर्षी कर." मला फार बरं वाटलं त्याने.

आणि रजा. पहिले दोन दिवस मी शाळेत जाऊ का विचारलं तर वैद्यबाई स्पष्ट नाही म्हणाल्या, कारण त्या दिवसांत मोठ्याने बोलायचं नाही, गाडीवर धक्के खात जायचं नाही, फार चालायचं नाही, एका जागी फार बसायचंही नाही, दुपारी झोपायचं नाही. मोठ्याने न बोलता सातवीचा वर्ग कसा घ्यायचा? मग अर्ध्या पगाराची रजा टाकली.

आता तुपाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यांना मसाजचं कुतूहल असतं पण खरं काम इथे होतं आणि खरा कसही इथेच लागतो. तूप साधं नव्हतं, महातिक्तक घृत, हिरवट पिवळं आणि कडू, कडुलिंबाचा पाला चावल्यावर जसं जिभेच्या मागे राहतं तसं. सकाळी साडेसहाला रिकाम्या पोटी, पातळ करून, पहिल्या दिवशी ३० मिली, मग ६०, ९०, १२०, १५०. नाक दाबायचं, दोन घोटात संपवायचं, वर कोमट पाणी. आणि मग वाट बघायची. कडकडून भूक लागेपर्यंत काहीही खायचं नाही, नुसतं गरम पाणी घोट घोट. पहिल्या दिवशी दहालाच भूक लागली, मुगाची पातळ खिचडी खाल्ली, वाटलं सोपं आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत तुपाचे ढेकर येत होते. वैद्यबाई रोज फोनवर एकच विचारायच्या, ढेकर शुद्ध आला का, म्हणजे तुपाचा वास नसलेला ढेकर. तो आला की समजायचं तूप पचलं, आता जेवा.

चौथ्या दिवशी १२० मिलीची वाटी समोर आली आणि मला रडू आलं. वासानेच पोट ढवळत होतं. नवऱ्याने हातात लिंबाची फोड दिली, नुसती हुंगायला, आणि शेजारी उभा राहिला, काही बोलला नाही. घेतलं कसंबसं. पाचव्या दिवशी कोजागिरी होती. गच्चीवर सगळी सोसायटी जमलेली, केशराचं आटवलेलं दूध, मुलांचा दंगा, आणि मी शाल पांघरून थर्मासमधलं गरम पाणी पीत बसलेले. पण त्या दिवशी सकाळपासून त्वचा हाताला वेगळी लागत होती, मऊ, जरा तेलकट, पोट सैल झालेलं, मलही तुपकट, आणि तुपाचं नाव काढलं तरी नको वाटत होतं. वैद्यबाई म्हणाल्या हीच खूण आहे, आता बास.

पुढचे तीन दिवस म्हणजे ज्याला लोक स्पा म्हणतात ते. दोघी जणी दोन बाजूंनी एकाच लयीत कोमट तेल जिरवायच्या, पाऊण तास, मग लाकडी पेटीत बसवून वाफ, डोकं बाहेर, डोळ्यांवर आणि कपाळावर गार पाण्याचा कापूस, कारण पित्ताच्या माणसाला डोक्याला उष्णता लागू द्यायची नाही. वाफही बेताचीच, कपाळावर घामाचे थेंब आले की बाहेर. खूप छान वाटतं, खोटं कशाला बोलू. पण आता मला कळत होतं की हे सुखासाठी नाही, तुपाने आतून सुटं झालेलं या वाफेने पातळ होऊन कोठ्यात उतरावं म्हणून आहे. माझ्या आधीच्या वेळी हे तुपाशिवायच केलं होतं, म्हणजे न भिजवताच डाळ शिजत घातल्यासारखं. या तीन दिवसांत जेवण साधं, गरम, मुगाचं वरण भात तूप, आंबट तिखट बंद.

विरेचनाच्या दिवशी मी दवाखान्यातच होते, एक खोली, खोलीलाच लागून संडास, हे आधी बघून घ्या, फार महत्त्वाचं आहे. सकाळी अभ्यंग आणि वाफ झाली, बीपी नाडी बघितली, आणि नऊच्या सुमाराला त्रिवृत् अवलेह, म्हणजे जुलाबाचं चाटण, चाटायला दिला, वर मनुकांचा काढा. अवलेह गोडसर होता, कडू तुपानंतर तो तर खाऊच वाटला. दीड तास काहीच नाही. मी घाबरले, होतंय की नाही. मग जे सुरू झालं ते दुपारी चारपर्यंत. भिंतीवर कागद लावला होता, प्रत्येक वेळेला वेळ लिहून रेघ मारायची, अशा एकेका जुलाबाला वेग म्हणतात, पहिले दोन वेग मलाचे म्हणून धरायचे नाहीत. मधे मधे कोमट पाणी, दर तासाला बीपी. पोटात कळ अशी नव्हती, पण बाराव्या वेळेनंतर पाय कापायला लागले आणि गुदद्वाराला आग आग झाली, पिवळं गरम पाणी पडत होतं नुसतं. सिस्टर हात धरून नेत होत्या. शेवटी चिकट पांढरट पडलं, तेव्हा वैद्यबाई म्हणाल्या, झालं, कफ दिसला की थांबतं आता. एकूण १७ वेग. दहापर्यंत कमी, वीसपर्यंत मध्यम, तीसपर्यंत उत्तम शुद्धी असा त्यांचा हिशोब, माझी मध्यम, म्हणून पाच दिवसांचं पथ्य. त्यानंतर मी एक तास नुसती पडून होते, झोपायचं नव्हतं म्हणून डोळे उघडे ठेवून, आणि इतकं हलकं आणि शांत वाटत होतं की बोलावंसंच वाटेना.

संध्याकाळी सातला पहिली पेया. तांदळाच्या चौदा पट पाणी घालून शिजवलेलं, तांदूळ नावालाच, किंचित मीठ. पहिला चमचा तोंडात घेतला आणि मला तांदळाचा वास आला, लहानपणी आजीच्या चुलीवर भात शिजताना यायचा तसा, मधल्या तीस वर्षांत तो कधी मला जाणवलाच नव्हता.

पथ्य हा या सगळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे आणि माझं मत विचाराल तर सगळ्यात मोठा. दोन वेळा पेया, मग दोन वेळा विलेपी म्हणजे घट्टसर, मग मुगाचं कढण बिनफोडणीचं, मग तेच तुपाजिऱ्याची फोडणी देऊन सुंठ घालून, मग मऊ खिचडी, आणि मग हळूहळू पोळीभाजी. वैद्यबाईंनी सांगितलं, चूल पेटवताना आधी काटक्या, मग गोवरी, मग लाकूड, एकदम ओंडका टाकला तर विझते. तिसऱ्या दिवशी माझी भूक इतकी खवळली की शेजारच्या घरातल्या चिवड्याच्या फोडणीचा वास जिन्यात आला आणि मी तिथेच उभी राहिले. घरी चकल्या तळणं चालू होतं. सासूबाईंनी माझी मुगाची वाटी आधी केली आणि मग कढई ठेवली, पाचही दिवस. ती मिसळ मला तेव्हा आठवली, आणि मागच्या वेळी काय चुकलं होतं ते पुरतं कळलं.

फरक? त्या ऑक्टोबरात आणि पूर्ण दिवाळीत गांध्या दोनदाच उठल्या, तेही दंडावर थोड्या, गोळी घ्यावी लागली नाही. जळजळ गेली. वजन अडीच किलो उतरलं पण ते महिन्याभरात परत आलं, वजनासाठी कुणी हे करू नका. गोळीची स्ट्रिप मी अजूनही पर्समध्ये ठेवते आणि ओठ, जीभ सुजली किंवा श्वास अडकला तर सरळ हॉस्पिटल, हे वैद्यबाईंनीच बजावलंय. आणि यूट्यूब बघून घरी एरंडेल पिऊन याला विरेचन म्हणू नका, प्लीज. खर्चाची भीती वाटत असेल तर आयुर्वेद कॉलेजांच्या रुग्णालयांत पंचकर्म विभाग असतो, पुण्यात ताराचंद रामनाथ आहे, मुंबईत वरळीला पोदार, आधी तिथे चौकशी करा.

यंदा श्रावणात आईला घेऊन गेले होते, तिचे गुडघे पावसात फार धरतात. तिला आठ दिवसांची योगबस्ती दिली, एक दिवस तेलाची, एक दिवस काढ्याची. तिला आधी फार संकोच वाटत होता, या वयात हे काय म्हणत होती. चौथ्या दिवशी जिना उतरताना तिने कठडा धरला नाही, तिच्या लक्षातही आलं नाही, माझ्या आलं. वसंतातलं वमन मी केलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल काही लिहीत नाही.

माझी तारीख परत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे. रजेचा अर्ज कालच दिला, रक्ताचे रिपोर्ट परवा येतील, आणि नवऱ्याने आत्तापासूनच विचारलंय, लिंबं किती आणून ठेवू.