मे महिन्यातली आंबोली

पावसाळ्यातली गर्दीची आंबोली मला झेपत नाही, म्हणून मे गाठला. ऊन रणरणतं, पण सीतेची वेणी, म्हणजे झाडावर वाढणारं ऑर्किड, ऐन बहरात! जांभळाच्या फांदीवरून लोंबणारा वीतभर घोस, पांढऱ्या फुलांवर जांभळट ठिपके. आसामात याला कपौ म्हणतात, बिहू नाचताना मुली अंबाड्यात माळतात. बरोबरच्या काकांनी मात्र "बांडगूळ आहे हो" म्हणून निकाल लावला. अहो, बांडगूळ झाडाच्या आत घुसून रस ओढतं. हे बापडं सालीला नुसतं धरून बसतं. जाड पांढरट मुळांवर बाटलीतलं पाणी शिंपडलं, तर बघता बघता हिरवट झाली. काका गप्प.

ओहोळाच्या ओल्या मातीत राणी पाकोळी क्षार शोषत होती. २०१५ पासून हे आपलं राज्य फुलपाखरू. नाव राणी, पण असं चिखलात बसणारे बहुतेक नरच! काळ्या पंखांवरची निळाई नीट बघेपर्यंत पसार. अळ्या लिंबाच्या पानांवर वाढतात, तेव्हा बाल्कनीवाल्यांनो, पानं कुरतडलेली दिसली की लगेच औषध मारू नका.

रात्री वळवाची सर येऊन गेली आणि पडवीतल्या दिव्यावर मून मॉथ हा रातपतंग आला. फिकट पोपटी, लांब शेपट्या. फुलपाखराच्या मिशा टोकाला गाठीदार, याच्या पिसांसारख्या. प्रौढ झाल्यावर याला खाण्याजोगं तोंडच नसतं, अळी असताना साठवलेल्यावर सगळं भागवायचं. आम्ही शेजारी बसून तिसऱ्यांदा सोलकढी मागवत होतो.