तिसराच भारी, बाकी बोलू नका

काल कर्वे रोडला एका अमृततुल्यात आम्ही चौघं फक्त एकेक कटिंग मारायला थांबलो आणि धो धो पाऊस आला, मग काय, हॅरी पॉटरच्या आठ पिक्चरमधला सगळ्यात भारी कोणता यावर दीड तास गेला.

माझं ठरलेलंय. तिसरा, २००४ चा, अझ्कबानवाला. दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोननी पहिल्या दोन पिक्चरमधला गोडगोडपणा काढूनच टाकला, पोरं साध्या कपड्यांत फिरायला लागली, आणि ती जादूगारांची तीन मजली नाईट बस, पीएमटीत उभ्याने गेलेल्या माणसाला ती लगेच पटते.

मावसभाऊ म्हणे, "अरे पण तो शाळेचा जादूचा नकाशा कोणी बनवला ते सांगतच नाहीत, पुस्तक न वाचलेल्याला काय कळणार?" पॉइंट होता. मी गप्प बसलो, दहा सेकंद.

ताई चौथ्यावर घसरली. पुस्तकात हेडमास्तर डम्बलडोर हॅरीला शांतपणे विचारतो, तुझं नाव स्पर्धेच्या कपात तू टाकलंस का, आणि पिक्चरमध्ये डम्बलडोर झालेला मायकेल गॅम्बन हॅरीला धरून गदागदा हलवतो. हे दाखवायला तिनी भावालाच धरलं आणि त्याचा चहा सांडला माझ्या क्रीमरोलवर.

सहाव्यात हॅरीच्या मित्राचं, वीझलींचं घर उगाच जाळलंय, पुस्तकात नाहीये तसं, यावर मात्र एकमत.

शेवटचा, २०११ चा, म्हणणारा एकटा मित्र. कारण स्नेप, हॅरीचा मास्तर. स्नेप झालेल्या ॲलन रिकमनच्या त्या आठवणींच्या सीनवर वाद घालायची कोणाची टाप नाही, पण तेवढ्यात गल्ल्यावरचे काका म्हणाले, "अजून काही घेणारे का? नाहीतर उठा, पाऊस थांबलाय."