ग्लोब्युलर (ताऱ्यांचे दाट गोल गुच्छ) लॉग: २९ पैकी २३ पाहून झाले, आणि कागदावर आकाशगंगेचं केंद्र दिसायला लागलं

मेची अमावस्या सार्थकी लागली मंडळी! वेल्ह्याला पोचलो तेव्हा पूर्ण ढग, पण साडेअकराला मोकळं झालं ते अडीचपर्यंत. तिथून पुण्याचा उजेड ईशान्येला राहतो त्यामुळे दक्षिण मस्त काळी मिळते. धनु राशीतले सहा गुच्छ झाले (एम म्हणजे खगोलशास्त्रज्ञ मेसियेच्या यादीतला क्रमांक), एम २२, २८, ५४, ५५, ६९, ७०. एम ७५ ला परत ढग आले, राहिला.

त्यातला एम २२ म्हणजे काय सांगू, आठ इंची डॉब दुर्बिणीत १२० पटीला कडेचे तारे काळ्या ताटात रवा सांडावा तसे सुटे सुटे, आणि नजर जराशी तिरकी केली की मधला धूरकट भागही दाण्यादाण्याने फुटतो. १०,००० प्रकाशवर्षांवरचा आहे हो तो!

घरी येऊन ग्राफ पेपर पूर्ण केला. वर्तुळ काढायचं, मध्ये आपण, आणि आकाशगंगेच्या पट्ट्यावरून मोजून जो गुच्छ ज्या दिशेला तिथे टिंब, पाहिलेल्याला शाई, राहिलेल्याला पेन्सिल. मेसियेच्या यादीतल्या २९ पैकी १६ नुसते धनु, वृश्चिक आणि भुजंगधारी या तारकासमूहांत. धनुकडच्या अर्ध्या वर्तुळात २८ आणि उरलेल्या अर्ध्यात एकटा एम ७९! आपण खरोखर आकाशगंगेच्या मधोमध असतो तर अशी एकाच बाजूला गर्दी झालीच नसती. खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅपलीने १९१८ च्या सुमाराला याच गुच्छांची अंतरं काढून सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून लांब आहे हे दाखवलं. त्याआधी नुसते तारे मोजून सूर्य मध्याजवळ वाटायचा, कारण आकाशगंगेच्या चकतीतली धूळ लांबचे तारे झाकते, ग्लोब्युलर मात्र बरेचसे चकतीच्या वर-खाली पसरलेत म्हणून सुटतात. आता केंद्र साधारण २६,००० प्रकाशवर्षांवर धरतात. ओपन क्लस्टरचं, म्हणजे विरळ तारकागुच्छांचं, उलटं, एम ६, एम ७, एम ११ सगळे पट्ट्यातच, चकतीतल्या गॅसमधून जन्मलेले तरुण तारे ना ते.

पुतण्या सोबत होता, म्हणाला, "काका, मग गुरू-शनी त्या पट्ट्यातूनच का नाही जात?" फार आवडला मला प्रश्न. आपल्या सूर्यमालेची चकती आकाशगंगेच्या चकतीला जवळजवळ ६० अंश कललीये, म्हणून ग्रहांची वाट पट्ट्याला दोनच ठिकाणी कापते, एक धनुजवळ आणि एक वृषभ-मिथुनच्या हद्दीवर. डब्याची दोन झाकणं तिरकी धरून दाखवली तेव्हा पटलं त्याला.

आता एम २, १५, ३०, ७२, ७५ पाऊस संपल्यावर. एम ७९ डिसेंबरात, कोणी येणार असाल तर गाडीत दोन जागा आहेत.