वाकड्या बाभळीला कोणती मशीन लावायची?

मोबाइलवर परदेशी लाकूड प्रोसेसरचे, म्हणजे कापणं आणि फोडणं एकत्र करणाऱ्या मशीनचे, व्हिडिओ पाहून बऱ्याच वखारवाल्यांना तीच मशीन हवीशी वाटते. एका बाजूनं अख्खा ओंडका आत जातो आणि दुसऱ्या बाजूनं फोडलेली फाळकी पट्ट्यावरून थेट ट्रॉलीत पडतात. मशीन चांगलीच आहे, पण ती बर्च, बीच, पाइन अशा सरळसोट खोडांसाठी बनवलेली असते. आपल्याकडं येतं ते बांधावरच्या बाभळीचं, नदीकाठच्या वेड्या बाभळीचं, नाहीतर वादळात पडलेल्या कडूनिंबाचं लाकूड. वाकडं, गाठाळ, बेचक्याचं. ते पट्ट्यावर लोळतं, फोडायच्या कप्प्यात आडवं अडकतं आणि दर वेळी मशीन बंद करून सळईनं काढावं लागतं. सुबाभूळ किंवा निलगिरी लावलेली असेल, एकसारख्या जाडीचा माल बारमाही मिळत असेल, तरच प्रोसेसरच्या भानगडीत पडा. बाकीच्यांनी कापायची मशीन वेगळी आणि फोडायची वेगळी ठेवावी.

मशीन बघायला जाण्याआधी गिऱ्हाइकाच्या भट्टीचं माप घ्या. भूमकडची खवा भट्टी, चहाचं हॉटेल, ढाबा, प्रत्येकाचं तोंड आणि खोली वेगळी. आतल्या खोलीपेक्षा फाळकं दोन-तीन इंच आखूड हवं. सगळ्यात लांब फाळक्यापेक्षा फोडायच्या मशीनचा स्ट्रोक, म्हणजे लाकूड पाचरीवर ढकलणाऱ्या दट्ट्याची धाव, थोडा जास्त असला की पुरे. उगाच लांब स्ट्रोक घेतला तर दट्ट्याची ये-जा लांबते आणि दिवसाचा माल घटतो.

कापायला मनगटापासून सहा-सात इंचांपर्यंतच्या फांद्यांसाठी झुल्याची (झुल्यात लाकूड ठेवून पात्याकडं ढकलायची) गोल करवत बरी. २४ इंची पातं साधारण आठ इंचांपर्यंत कापतं. त्यापुढच्या खोडाला चेनसॉ. दोन्हींचा शत्रू एकच, काळी माती. ट्रॅक्टरला बांधून फरफटत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत माती आणि खडे बसतात, आणि नवी चेनसुद्धा बघता बघता बोथट होते. ओंडका उचलून आणा, नाहीतर कापायच्या जागेवरची साल कुऱ्हाडीनं तासा. बांधावरच्या झाडात कुंपणाची तार आणि खिळे हमखास असतात. सालीवर काळा-निळा डाग दिसला की तिथं कापू नका. चेनखालून भुगा पिठासारखा पडायला लागला की धार गेली. काप एका बाजूला वळायला लागला तर दोन्ही बाजूंचे दात सारखे घासले गेले नाहीत असं समजा.

आणि काप काटकोनात घ्या. तिरप्या तोंडाचा ओंडका दाबाखाली सटकतो, मग लोक स्प्लिटरला, म्हणजे फोडायच्या मशीनला, नावं ठेवतात.

हायड्रॉलिक स्प्लिटर घेताना विक्रेता फक्त टन सांगतो. तुम्ही सिलिंडरचा व्यास, दाब आणि पंपाचं मिनिटाचं तेल विचारा. चार इंची सिलिंडर १५० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) सुमारे १२ टन जोर देतो. सुबाभूळ आणि ओली बाभूळ यांना तेवढा चालतो. पाच इंची सिलिंडर २०० बारला २५ टनांच्या आसपास जातो. चिंच आणि कडूनिंब यांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यांना तो लागतो. पण २४ इंची स्ट्रोकला चार इंची सिलिंडर भरायला साधारण ५ लिटर तेल लागतं, पाच इंचीला पावणेआठ. मिनिटाला २० लिटरचा पंप असेल तर पहिल्याचा दट्ट्या १५ सेकंदांत पुढं जातो, दुसऱ्याचा २३. पाच एचपी मोटरवर साधा पंप १५० बारला मिनिटाला १२-१३ लिटरच्या वर जात नाही. म्हणून दोन टप्प्यांचा पंप मागा. लाकडाला टेकेपर्यंत तो भरपूर तेल देऊन पळतो आणि जोर पडला की तेल कमी करून दाब वाढवतो. मोटरला सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे तीनपैकी एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, हवाच. एक फेज गेला आणि दट्ट्या ओंडक्यात असला तर वाइंडिंग जळालंच म्हणून समजा.

मराठवाड्याच्या मे महिन्यात ४६ नंबरचं हायड्रॉलिक तेल पातळ पडतं, ६८ नंबर घाला. टाकी पंपाच्या मिनिटाच्या तेलाच्या दुप्पट तरी हवी आणि मशीन सावलीत. सकाळी जोर, दुपारी ढिली, हे तापलेल्या तेलाचं लक्षण. टाकीत फेस आणि दट्ट्याला झटके म्हणजे ओढीच्या पाइपातून हवा जातेय, नाहीतर तेल कमी आहे. दट्ट्या अडला आणि जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह किंचाळायला लागला की लिव्हर सोडा, ओंडका फिरवून लावा. तो व्हॉल्व्ह आवळून जोर वाढवणारे मिस्त्री गावोगाव आहेत. त्यांना हात लावू देऊ नका, होज (तेलाचा रबरी पाइप) फुटतो नाहीतर मशीनचा बीम वाकतो. होजची बारीक गळती बोटानं चाचपू नका, दाबाचं तेल कातडीत घुसतं. पुठ्ठा धरून बघा.

बेचकं बुडाच्या बाजूनं पाचरीला द्या. फाट्याकडून दिलं तर पाचर रुतून बसते. बाभूळ ओली असतानाच फोडा, वाळल्यावर तीच दुप्पट जड जाते.

ट्रॅक्टरच्या पीटीओवरचा (मागच्या फिरत्या दांड्यावरचा) फिरता शंकू स्वस्त पडतो, सरळ लाकूड झटपट फोडतो. पण गाठ लागली की ओंडकाच फिरतो आणि हात ओढला जातो. ओंडका अडवणारी पट्टी आणि हाताशी बंद करायचं बटण नसेल तर घेऊ नका. उपरणं, पदर, ओढणी त्याच्या आसपास नको.

परवानगीचं थोडक्यात: चिंच, आंबा, जांभूळ ही झाडं झाडतोडीच्या १९६४ च्या राज्य कायद्यात येतात, आणि आरा बसवायचा तर वनखात्याचे नियम लागू होऊ शकतात. मशीनची ऑर्डर देण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून या.

फोडलेला माल माघ-फाल्गुनात विटांवर किंवा फळ्यांवर रचा, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा, पावसाळ्यात फक्त माथ्यावर ताडपत्री. रासेतल्या दोन-चार फाळक्यांवर खडूनं खूण करून दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की माल वाळला. ४५ टक्के पाण्याचा १०० किलो माल २० टक्क्यांवर आला की ६९ किलोच्या आसपास भरतो. तेव्हा वाळलेल्या क्विंटलचा भाव ओल्याच्या निदान दीडपट लावा, नाहीतर वाळवण्याची मेहनत गिऱ्हाइकाला फुकट जाते.