स्टार्टला हेडसेट मेला तेव्हा

पॅरा अल्पाइनच्या, म्हणजे अपंग खेळाडूंच्या उतारावरच्या स्कीइंगच्या रेसला स्टार्टवर काम करणाऱ्याला निकाल सगळ्यात शेवटी कळतो. वरच्या खोपीत उभं राहून एकेकीला सोडायचं, पाच-सहा गेट्सनंतर (गेट म्हणजे जिथून वळत जायचं तिथे रोवलेले खांब) उतार असा काही खाली पडतो की ती दिसेनाशीच होते, पुढचं सगळं कानातल्या रेडिओवर. मी त्या दिवशी स्टार्ट रेफरीचा असिस्टंट होतो. बायकांची जायंट स्लॅलम, म्हणजे गेट्समधून वळणं घेत खाली जायची रेस, दोन रन, दोन्ही वेळांची बेरीज. आधी दृष्टिबाधित मुली आपापल्या गाइडबरोबर, मग उभ्याने स्की करणाऱ्या, म्हणजे कुणाला एक हात नाही, कुणी एकाच पायावर, आणि शेवटी सिट-स्कीवाल्या, म्हणजे बसून स्की करणाऱ्या.

या क्रमावरून सिट-स्कीवाल्यांची कुरकुर कायम असते आणि मला ती पटते. सगळ्या जणी जाऊन झाल्या की गेटच्या बाहेरच्या बाजूला वळणाच्या घळी पडतात, दोन स्की असतील तर माणूस कसंतरी निभावतो, पण यांची सीट एकाच स्कीवर बसवलेली, खाली शॉकअॅब्झॉर्बर, हातात आउटरिगर म्हणजे टोकाला छोटी स्की लावलेल्या कुबड्या, आणि तेवढ्यावर त्या खड्ड्यांतून जायचं. पहिल्या रनला एकीने मला विचारलं, तिसऱ्या गेटला किती खोल झालंय? म्हटलं, घोट्याएवढं. ती म्हणाली, घोटा माझ्या काय कामाचा, सेंटीमीटरमध्ये सांग. मग सेंटीमीटरमध्ये सांगितलं.

त्यांना सोडताना आउटरिगर स्थिर आहेत का याकडे माझे डोळे चिकटलेले असतात. २०१४ ला सोचीच्या विंटर पॅरालिम्पिक्समध्ये जर्मनीच्या आना शाफेलहुबरला स्लॅलमच्या पहिल्या रननंतर याच कारणावरून बाद केलं होतं, स्टार्टला आउटरिगर हलले म्हणून. तिच्या टीमने अपील केलं, निर्णय फिरला, तिला गोल्ड मिळालं आणि पाचपैकी पाच गोल्ड झाली. तेव्हापासून मी हे काम फार जपून करतो, कारण स्टार्टवाल्याच्या एका शब्दावर एखादीचं चार वर्षांचं गणित फिरू शकतं.

आता मूळ गोष्ट. दृष्टिबाधितांच्या गटातली एक जोडी पहिल्या रननंतर दुसरी होती. मुलीला अगदीच काही दिसत नाही असं नाही, समोर जवळ भडक रंगाचं काही असलं तर त्याचा धुरकट डाग कळतो. म्हणून गाइडच्या अंगावर भगभगीत केशरी बिब. (ज्यांना काहीच दिसत नाही त्यांना काळा गॉगल लावावा लागतो, म्हणजे सगळ्या सारख्याच अंधारात.) गाइड पुढे, ही मागे, दोघींच्या हेल्मेटमध्ये हेडसेट. बोलणं दोन्ही बाजूंनी चालतं, पुढची म्हणते "उजवी, आता, सोड, कडक बर्फ", मागची म्हणते "पळ" किंवा "थांब, लांब गेलीस". लोकांना वाटतं गाइड म्हणजे हात धरून नेणारी बाई. अहो, ती मागच्या मुलीइतकीच जोरात स्की करते, तेही मधूनमधून मान वळवून मागे बघत, आणि वर बोलत! मेडल गाइडलाही मिळतं आणि मिळायलाच हवं. विंटर पॅरालिम्पिक्समधलं ब्रिटनचं पहिलं गोल्ड केली गॅलाघरचं, २०१४ चं, पण ते नुसतं तिचं नव्हे, पुढे असलेल्या शार्लट इव्हान्सचंही.

तर दुसरा रन. या रनला पहिल्या रनच्या टॉपवाल्या उलट्या क्रमाने सुटतात, त्यामुळे ही जोडी गटात शेवटून दुसरी. पुढे दोन जोड्या बाकी असताना गाइडने कानावर थाप मारली, हेल्मेट काढलं, परत घातलं. बंद चालू करून बघितलं, केबल काढून लावून बघितली, काही नाही. थंडीत बॅटरी मरते तो प्रकार. स्पेअर जोडी खाली व्हॅनमध्ये. कोच रेडिओवर खालच्या माणसावर खेकसत होता पण लिफ्टने वर यायलाच दहा मिनिटं लागतात, आणि तुमची वेळ आली की आली, स्टार्टला कुणासाठी घड्याळ थांबत नाही.

मी अगदी शेजारी उभा, सगळं ऐकू येत होतं.

"ओरडते मी. तू चिकटून ये."

"किती चिकटून?"

"दोन मीटर."

"म्हणजे तू हळू जाणार."

"नाही जाणार."

बस, एवढीच मीटिंग. कोचला वाटत होतं सोडून द्यावं, तसं तो बोललाही, दोघींपैकी कुणीही त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग मुलगी माझ्या दिशेला वळून म्हणाली, ती गाणी बंद कर. स्टार्टला मूड म्हणून स्पीकरवर गाणी लावलेली असतात आणि मला ती तशीही आवडत नाहीत, त्यामुळे रेफरीला विचारलं आणि त्याने मान डोलावेपर्यंत माझा हात स्विचवर होता.

जायंट स्लॅलमला दहा सेकंद आधी सूचना देतात, मग पाच-चार-तीन-दोन-एक, गो. गाइड चार पावलं पुढे, गुडघे वाकवलेले, मान मागे. मुलीने दोन्ही पोल बर्फात रोवले, तोंड किंचित डावीकडे, नंतर लक्षात आलं की ती उजवा कान पुढे करत होती. हेल्मेटचं कानावरचं पॅड तिने उचकटून खिशात टाकलं होतं. गो म्हणालो आणि गाइडचा पहिला शब्द इतका मोठ्याने आला की मागे रांगेतली मुलगी दचकली. वळणाला एक, सोडायला एक, असे दोनच शब्द, लांबलचक ओढलेले. हेडसेटवर त्या वाक्यं बोलतात, इथे वाक्याला वेळच नव्हता. तिसऱ्या गेटच्या घळीत मागचीची स्की थडथडली, गाइडने मान वळवली आणि त्याच श्वासात पुढचा शब्द टाकला. अंतर दोन मीटरपेक्षाही कमी असावं. ती घसरली असती तर ही थेट तिच्यावर जाऊन आदळणार, हे त्या दोघींनाही माहीत होतं.

मग उतार पडला आणि दोघी गेल्या. आवाज मात्र अजून थोडा वेळ येत राहिला, नंतर तोही वाऱ्यात गेला. मी रेडिओ कानात दाबून बसलो. मधल्या भागातून कुणीतरी म्हणालं "दोघी आहेत", मग बराच वेळ काहीच नाही, मग फिनिशवरून "दोघी खाली."

वेळ ऐकली तर विश्वास बसेना. दुसऱ्या रनचे गेट्स वेगळे लावतात त्यामुळे पहिल्या रनशी तुलना करता येत नाही, पण गटातल्या इतरांच्या हिशोबात त्यांनी गमावला होता जेमतेम एक सेकंद. अर्थात इथे खरी वेळ वेगळी आणि निकालाची वेगळी. कुणाला किती दिसतं, कुणाचं शरीर किती साथ देतं यावरून प्रत्येक वर्गाला फॅक्टर असतो, समजा साठ सेकंद लागले आणि फॅक्टर ०.९ असेल तर निकालात चोपन्न धरायचे. टीव्हीवरचं घड्याळसुद्धा त्याच फॅक्टरने हळू पळतं, बघणाऱ्याला वाटतं मशीनच बिघडलंय. फॅक्टरवरून भांडणं चालूच असतात, ती चालू राहणारच, कारण अर्धवट दिसण्याला आकडा लावणं सोपं नाही.

हिशोब लागला आणि दोघी दुसऱ्यावरून चौथ्यावर गेल्या. मेडल गेलं.

कोच तडक रेफरीकडे. रिरन द्या! रेफरी शांतपणे म्हणाला, कुणी आडवं आलं असतं, खाली पडलेली मुलगी वाटेत असती किंवा आमचं टायमिंग बिघडलं असतं तर दिला असता, तुमचं स्वतःचं सामान बंद पडलं तर रिरन नाही. नियम असाच आहे आणि कोचलाही तो पाठ होता, पण मेडल हातचं गेलेल्या माणसाला नियम सांगून उपयोग नसतो. तो म्हणाला, मी लेखी प्रोटेस्ट देतो, आणि पेन शोधायला लागला. उभ्याने स्की करणाऱ्यांची पहिली मुलगी तोवर गेटपाशी येऊन थांबली होती आणि आम्हा सगळ्यांकडे वैतागून बघत होती.

तेवढ्यात कोचच्या खिशातला रेडिओ वाजला. खालून मुलगीच बोलत होती, तिला बहुतेक कुणीतरी वर काय चाललंय ते सांगितलं होतं.

"प्रोटेस्ट-बिटेस्ट काही देऊ नकोस. हिचा घसा पार गेलाय, आत्ता नुसती हवा येतेय तोंडातून. परत ओरडायला लावलंस तर उद्याच्या स्लॅलमला मुकी गाइड घेऊन उतरू का मी? आणि तो स्पेअर हेडसेट आहे ना, तो आजपासून तुझ्या खिशात राहील, व्हॅनमध्ये नाही."