३९ फुटांवरची सकाळ

पावसाळ्यात कोल्हापुरातला माणूस सकाळी उठल्यावर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे हे आधी विचारतो आणि मग चहा घेतो. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे दोन आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. मी मात्र हे आकडे बाराही महिने वापरते, आणि तेही नदीसाठी नव्हे. कामावर निघण्यापूर्वी माझ्या पोटात जो गोळा येतो, तो आज किती फुटांवर आहे याची नोंद मी एका वहीत करते. गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयातल्या एका मुलीने राजीनाम्यात ‘घरगुती कारण’ असे लिहिले आणि पार्किंगमध्ये गाडी काढता काढता खरे कारण मला सांगितले. ते कारण मला इतके ओळखीचे वाटले की, या वहीविषयी लिहायचे मी त्याच संध्याकाळी ठरवले.

मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, डिस्पॅच आणि बिलिंगचे काम पाहते. मालासोबतचे चलन करणे, माल वाहतुकीसाठी लागणारे जीएसटीचे ऑनलाइन ई-वे बिल काढणे, ग्राहकाने परत पाठवलेल्या मालाच्या डेबिट नोटा जुळवणे असे हे काम आहे. त्यात जोखीम आहे ती आकड्यांची, जिवाची नाही. जिवाची जोखीम भट्टीपाशी आणि फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतीव माल घासून साफ करण्याच्या विभागात, उभे राहणाऱ्यांना असते, आणि त्यांच्याकडे पाहून मला माझ्या धास्तीची बराच काळ लाजच वाटत असे. धास्ती हा शब्द मी मुद्दाम वापरते. भीतीला समोर काहीतरी दिसावे लागते आणि चिंतेला निदान एखादा प्रश्न लागतो, धास्तीला मात्र यांपैकी काहीही लागत नाही. आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असल्यामुळे जगाला रविवारी संध्याकाळी जे होते ते मला सोमवारी दिवेलागणीला होत असे. रंकाळ्यावर भेळ खातानाही मनात मंगळवारची सकाळ सुरू झालेली असे.

सुरुवात कुठून झाली हे मला नेमके सांगता येते. २०१९ च्या फेब्रुवारीत चाकणला जाणाऱ्या एका गाडीच्या ई-वे बिलात मी वाहन क्रमांकाचा एक अंक चुकीचा टाकला. रात्री तपासणी पथकाने गाडी अडवली, चालकाने रात्र रस्त्यावर काढली आणि माल अर्धा दिवस उशिरा पोहोचला. वाहन क्रमांकातील एक-दोन अंकांची चूक किरकोळ मानावी, असे परिपत्रक सप्टेंबर २०१८ मध्येच निघालेले होते. त्यानुसार केंद्राच्या आणि राज्याच्या जीएसटी कायद्याखाली प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे एकूण १००० रुपये दंड झाला. इतक्या दंडाने कोणताही कारखाना बुडत नाही. परंतु दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्या कार्यालयासमोर, चहा देणाऱ्या पोराच्या देखत, जे सुनावले ते माझ्या अंगात बसले. त्यानंतर मी प्रत्येक वाहन क्रमांक पाच-पाच वेळा तपासू लागले, आणि पाचव्या तपासणीनंतरही मला पहिल्या तपासणीइतकाच भरवसा वाटेना.

पुढच्या काही महिन्यांत हे सगळे सकाळकडे सरकले. गजर होण्याआधीच जाग यायची, छातीत धडधडायचे, नाश्त्याचा घास घशाखाली उतरायचा नाही. मंगळवार पेठेतून निघून दसरा चौक, व्हीनस कॉर्नर असे करत मी ताराराणी चौकापर्यंत, म्हणजे सगळे ज्याला अजूनही कावळा नाकाच म्हणतात तिथपर्यंत आले की हातांना घाम सुटायचा, आणि पंचगंगेचा पूल ओलांडताना गाडी वळवून घरी जावे असे वाटायचे. सासूबाई म्हणायच्या, “अगं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? नोकरी हाय, चालायचंच.” त्या प्रेमाने म्हणत होत्या यात शंका नाही, पण ज्याला मनाला लावून न घेणे जमते त्याला हा सल्ला लागत नाही आणि ज्याला लागतो त्याला तो जमत नाही, असे माझे आजवरचे मत आहे. महिन्यातून एखादी रजा मी पोटदुखीच्या नावाखाली काढू लागले. रजेचा फोन ठेवला की दहा मिनिटांत पोट खरोखरच बरे व्हायचे आणि मला त्याचे फार आश्चर्य वाटायचे.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली गेला आणि जवळजवळ आठवडाभर कामावर जाण्याचा प्रश्नच उरला नाही. लिहायला संकोच वाटतो, कारण माझ्या मावशीच्या घरात त्या वेळी कंबरभर पाणी होते आणि तिच्या संसाराचा चिखल आम्ही पुढे कित्येक दिवस उपसत होतो. तरीही खरे तेच सांगते. त्या आठवड्यात मी गाढ झोपले. नदीने मला अशी रजा दिली होती की तिच्यासाठी कोणालाही खोटे सांगावे लागत नव्हते. मी बरी झाले असे मला वाटले. महामार्ग सुरू झाला त्या सकाळी मात्र जिन्यातच माझे पाय लटपटले आणि मी पायरीवर बसले. आधीच्या कोणत्याही सकाळपेक्षा ती सकाळ वाईट होती. त्या दिवशी नवरा मला कामावर सोडायला आला आणि परतीच्या वाटेवर राजारामपुरीतल्या एका समुपदेशक बाईंची वेळ घेऊन आला.

आधी बाईंनी मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवले आणि थायरॉईड व हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगितले, कारण या दोन्हींत बिघाड असला तरी धडधड आणि थकवा येऊ शकतो. अहवाल ठीक आले. मग त्यांनी महापुराचा आठवडा माझ्याकडून दोनदा सांगून घेतला आणि त्यातच सगळे आहे असे म्हणाल्या. ज्याची धास्ती आहे ते टाळले की लगेच हायसे वाटते, आणि हे हायसे वाटणे म्हणजेच टाळण्याला मिळालेले बक्षीस असते. मेंदू त्यातून एवढेच शिकतो की आपण गेलो नाही म्हणून वाचलो. गेलो असतो तरी वाचलोच असतो, हे शिकण्याची संधी त्याला मिळतच नाही. म्हणून प्रत्येक रजेनंतरची सकाळ रजेआधीच्या सकाळीपेक्षा जड जाते. माझ्या पोटदुखीच्या रजांचा हिशेब मला तिथे खुर्चीत बसल्याबसल्या लागला. सकाळच याला का सापडते, याचेही एक साधे कारण त्यांनी सांगितले. जाग आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात बहुतेक माणसांच्या शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक मुळातच वाढते. शरीर दिवसासाठी तयार होत असते, आणि धास्तावलेले मन त्या तयारीलाच संकटाची वर्दी समजते. त्यावर मी रिकाम्या पोटी दोन कप कडक चहा ओतत होते. तो दुसरा कप मी नाश्त्यानंतर घेऊ लागले, आणि इतक्या क्षुल्लक बदलाने धडधड थोडी कमी झाली हे मला आजही कबूल करावेसे वाटत नाही.

फुटांची मोजणी इथूनच आली. जोसेफ वोल्पे नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने अस्वस्थतेला शून्य ते शंभर असा आकडा देण्याची पद्धत रूढ केली होती. तसा आकडा रोज चार ठिकाणी लिहून आणा, असे बाईंनी सांगितले. मला शंभरातला आकडा काही केल्या सुचेना. शेवटी वैतागून मी म्हणाले, “मॅडम, फुटांत सांगू का?” त्या मूळच्या इथल्याच असल्याने त्यांना अधिक काही विचारावे लागले नाही. घरातून निघताना ३६, कावळा नाक्याला ३९, पुलावर ४३, कारखान्याच्या फाटकाशी ४४, अशी पहिल्या आठवड्यातली नोंद आहे. आकडा लिहिल्याने पाणी उतरत नाही, हे उघडच आहे. परंतु सगळे संपले असे वाटणे आणि आज ४१ आहे असे लिहिणे यांत फार अंतर आहे, कारण ४१ म्हटले की काल ४३ होते हेही आठवते. शिवाय नदीकाठच्या माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. पाणी चढते तेव्हा तासातासाला फूट वाढल्यासारखे वाटते आणि उतरते तेव्हा इंचाइंचाने उतरते. त्या इंचांकडे बघत बसले की ते उतरतच नाहीसे वाटते.

वहीतून पुढे जे दिसले ते मला अनपेक्षित होते. सर्वांत मोठा आकडा नेहमी फाटकाशीच असे आणि पहिले चलन छापून होईपर्यंत तो ३५ च्या खाली येत असे. मला धास्ती कामाची नव्हती, कामापर्यंतच्या रस्त्याची होती. फाटकाच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे. तिथे गाडी लावून, जीव शांत झाला की आत जायचे अशी सवय मी लावून घेतली होती. त्या वेळेत नवऱ्याला फोन करायचा, साहेबांचा काही संदेश आला आहे का ते पाहायचे, पर्समधली वेलची चघळायची आणि दीर्घ श्वास घ्यायचे. बाईंनी नेमकी हीच पंधरा मिनिटे बंद करायला सांगितली. हे सगळे आधारही टाळण्याचेच प्रकार आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. आत गेल्यावर काही वाईट झाले नाही तर त्याचे श्रेय मन त्या वेलचीला देऊन टाकते. श्वासाचा व्यायाम वाईट नाही, सावकाश उच्छ्वासाने नाडी खरोखर मंदावते. पण धास्ती गेल्याशिवाय आत जायचेच नाही अशी अट घालून श्वास घेतला, तर तोही एक ताईत होऊन बसतो. पाणी ४४ फुटांवर असतानाच आत जायचे आणि जागेवर बसून ते उतरू द्यायचे, एवढेच मला करायचे होते. पहिल्या दिवशी मी रडले, तेही स्टोअरच्या मागे उभी राहून. दुसऱ्या दिवशी पहिले चलन निघायला पाऊण तास लागला. तिसऱ्या आठवड्यात फाटकाशी ४० ची नोंद आहे.

वहीच्या उजव्या पानावर मी आणखी एक काम सुरू केले, ते माझ्या रोजच्या कामातलेच होते. बँकेच्या ताळमेळात आपली नोंद आणि बँकेची नोंद समोरासमोर ठेवतात, तसे सकाळी मनाने वर्तवलेले एका रकान्यात आणि संध्याकाळी प्रत्यक्ष घडलेले दुसऱ्या रकान्यात लिहायचे. अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या विचारपद्धतीवर आधारित उपचारांत अशा नोंदी करून घेतात, असे मला नंतर समजले. ‘आज चूक सापडणार आणि सगळ्यांसमोर बोलणी बसणार’ हे भाकीत पहिल्या २६ कामाच्या दिवसांत २२ वेळा लिहिलेले आहे. चूक सापडली ३ वेळा. बोलणी बसली एकदा, आणि ती चूक माझी नव्हती. ताळमेळात इतका फरक आला असता तर मी कोणत्याही बँकेला पत्र लिहिले असते.

साहेबांच्या वागण्याविषयीही लिहायला हवे, नाहीतर माणसाने वही लिहावी आणि मालकाने वाटेल तसे वागावे असा या लेखाचा अर्थ होईल. मंगळवारच्या आकड्यांकडे पाहताना एक नियम दिसला होता. ज्या सुट्टीच्या दिवशी रात्री आठनंतर कार्यालयातून फोन येई, त्याच्या दुसऱ्या दिवशी फाटकाशी आकडा हमखास चार-पाच फुटांनी जास्त असे. ही धास्ती नव्हती, ही तक्रार होती, आणि तक्रारीवर श्वासाचा व्यायाम करणे मला अपमानास्पद वाटते. मी साहेबांना भेटून, आधी कागदावर लिहून पाठ केलेली, दोनच वाक्ये बोलले. सुट्टीच्या दिवशी गाडी अडली तरच फोन करावा आणि चूक झाली तर केबिनमध्ये बोलावून सांगावे. दुसरी गोष्ट त्यांनी बरीचशी पाळली. पहिली महिनाभर पाळली आणि मार्चअखेर येताच विसरले. फोन अजूनही येतात; मी मात्र आता जेवण संपल्यावर उचलते.

समुपदेशनाला मी एकूण अकरा वेळा गेले. ज्यांना तेवढा खर्च किंवा वेळ झेपत नाही, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही फोन करता येतो आणि मराठीत बोलता येते. पार्किंगमधल्या त्या मुलीला मी हा क्रमांक दिला. झोप, भूक आठवडेच्या आठवडे जाणे, घरातून पाऊलच न उचलणे किंवा जगूच नये असे वाटणे, यांपैकी काही असेल तर वह्यांच्या नादी न लागता थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे, हेही तिला सांगितले. राजीनामा मात्र तिने मागे घेतला नाही, आणि तिच्या जागी मी असते तर घेतला असता का, हे मला ठरवता येत नाही.

माझी धास्ती गेलेली नाही. या मंगळवारी फाटकाशी ३७ होते, आणि मार्चअखेरीस एक दिवस पुन्हा ४३ झाले होते. वाहन क्रमांक मी आता दोनदा तपासते; तिसऱ्यांदा हात जातो तेव्हा चलन शेजारच्या टेबलावर देऊन टाकते. परवा संध्याकाळी सुटल्यावर पाऊस आला म्हणून कित्येक दिवसांनी त्या टपरीच्या आडोशाला थांबले. टपरीवाल्या काकांनी न विचारता चहा पुढे केला आणि म्हणाले, “ताई, सकाळचं थांबायचं सोडलंसा. आमचं रोजचं एक गिऱ्हाईक तुटलं की.”